सातवं पेर

दोष सगळा आमच्या आप्पांचा. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर ऐकता ऐकता तुम्ही माझ्याकडं बघायला लागाल. आप्पा म्हणजे माझे चुलते, घरातले कर्ते, आणि अख्ख्या हिर्डोशीत न विचारता सल्ला देणारे पहिले. जन्मात एकदाच गप्प बसले, आणि तेवढ्यात माझा सत्यानाश केला!

त्या साली मी भोरची शाळा सोडली होती. मास्तरांनी भर वर्गात मला 'नाचणीचं पोतं' म्हटलं. मी दप्तर बाकावर ठेवलं आणि तडक घराची वाट धरली. दिवसभर चालत आलो. आईनं माझे पाय शेकले. आप्पांनी काय शेकलं ते विचारू नका.

"शाळा नगं म्हन्तोस. मग घरचं काम तरी येतंय का तुला?"

"येतंय!"

"काय येतंय?"

समोर छपराची पन्हळ दिसली. म्हणालो, "पन्हळ!"

आता आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना काय सांगायचं? कौलांवरचं पाणी चिरलेल्या कळकाच्या, म्हणजे जाड बांबूच्या, पन्हळीत झेलून लांब काढलं नाही, तर मातीची भिंत गुळाच्या ढेपेसारखी बसते. म्हणून दरसाल पन्हळ उतरवायची, साचलेला पालाचिखल खरवडायचा, कुजका कळक बदलायचा. ठरलं. यंदा पन्हळ माझी. गोठ्याची भिंत पावसाळाभर टिकली, तर आप्पांनी शाळेचं नाव काढायचं नाही. पडली, तर मी मुकाट त्याच मास्तरांपुढं जाऊन बसायचं.

"आणि मधे बोलायचं नाही," मी बजावलं. "एक शब्दसुद्धा नाही!"

"न्हाई बोलत," आप्पा म्हणाले. "शबूद दिला."

पन्हळ साफ करून होती तशी बसवली असती तर? पण मग मी शिकलेला कसला! भोरच्या कचेरीच्या भिंतीला पत्र्याचा नळ होता. छपराचं पाणी त्यातून गुपचूप खाली यायचं. मला तसला नळ पाहिजे होता. पत्रा आणायचा कुठनं? मी एक लांबलचक, जाडजूड, अख्खा कळक तोडला. कळक पोकळ असतो खरा, पण प्रत्येक पेराला आत पडदा असतो, तो फोडावा लागतो. एवढं मला कळत होतं, काय समजलात! वरच्या तोंडातून पहार घातली. धप्प, धप्प, धप्प. कळक उलटा केला. धप्प, धप्प, धप्प.

आप्पा ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. शेवटच्या धप्पनंतर त्यांनी तोंड उघडलं. मी डोळे वटारले. त्यांनी उघड्या तोंडात तंबाखू टाकली आणि ते मिटून घेतलं.

नळ पन्हळीच्या तोंडाखाली गोठ्याच्या भिंतीला उभा बांधला आणि त्याच दुपारी झड लागली. पाणी पन्हळीत आलं, नळात शिरलं, आणि नळाच्या वरच्या तोंडातून उसळून भिंतीवरून वाहायला लागलं. खालच्या तोंडातून टिपूस नाही!

शेजारचा कोंडीबा इरलं पांघरून बघायला आला. "आरं, तुजा नळ वर वाहतुया की!"

"पाला अडकलाय," मी ओरडलो. वर चढलो, पन्हळ चाचपली. पाला कसला, काडी नव्हती. मग उतार कमी पडला असणार! मी पन्हळीचं दुसरं टोक हातभर वर उचलून बांधलं. झालं! त्या बाजूनं सांडत होतं ते पाणीही आता इकडंच धावत आलं.

चुलती दारातून ओरडली, "अवो, सांगा की त्याला!"

"मला बंदी हाय," आप्पा म्हणाले.

भिंतीला पोट आलं. मी धावत जाऊन तिला पाठ लावली. तेव्हा मात्र आप्पा उठले. ना इरलं, ना घोंगडी. तसेच भर पावसात आले आणि माझ्या शेजारी त्यांनीही पाठ लावली. दोघं नखशिखांत भिजलो.

"आप्पा, बोला आता!"

"बोलू?"

"बोला की हो!"

"त्या कळकाला सात पेरं हैत. म्या मोजल्यात. तू सहा फोडलीस."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"शबूद दिला व्हता."

तेवढ्यात भिंत आत बसली आणि तिच्यावर आम्ही दोघं बसलो. पलीकडच्या कोपऱ्यातून म्हैस आमच्याकडं बघत शांतपणे रवंथ करत होती.

आप्पा हसले नाहीत. मला हाताला धरून ओट्यावर नेलं, आतलं कोरडं धोतर आणून माझं डोकं खसाखसा पुसलं. "भिंतीचं काय, दिवाळीला बांदू. तू मातूर उघडीप झाली की भोरला."

बाहेर कोंडीबा अजून उभाच होता. "आप्पा," तो म्हणाला, "धाडाच त्याला. भोरच्या शाळंत सातापत्तर मोजाय शिकिवत असतील."

मी गेलो. त्याच मास्तरांपुढं, माझ्याहून बारक्या पोरांच्या बाकावर, आणखी दोन वर्षं बसलो.