पायातला पट्टा

लेकीनं आणलेलं नवं घड्याळ मी परत दिलं आणि जुना पट्टाच पुन्हा पायात बांधला. आमच्या गल्लीत यावर बरंच बोलून झालंय. कुणी म्हणालं, सातवी शिकलेल्या बाईला त्यातलं काय कळणार. कुणी म्हणालं, पोरीनं एवढ्या हौसेनं आणलं, मान राखायला हवा होता. दोन्ही ऐकून घेतलं. पण झालं काय ते मीच सांगते, कारण घड्याळ माझ्या हातात होतं, गल्लीच्या नव्हतं.

मी मूळची कोकणातली. समुद्र घरात ऐकू यायचा असं गाव. सातवीच्या पुढची शाळा खाडीपलीकडे, आणि होडीत बसवून मुलीला रोज पाठवायला कुणाला सवड होती? शाळा तिथंच थांबली. पुढं आमच्याकडच्या डेपोला बीडचा एक ड्रायव्हर नोकरीला आला, त्याच्याशी माझं लग्न झालं, आणि त्याची बदली आपल्या जिल्ह्यात झाली तेव्हा मीही इकडं आले. बीडच्या स्टँडवर उतरले तर डोळे आधी झाडंच शोधत राहिले. आता मालक नाहीत. लेक पुण्याला नोकरीला, जावई पण तिथलेच. माहेरचे म्हणाले, परत ये. मी नाही गेले. स्टँडच्या मागच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्या आहेत. मागच्या खोलीत मी राहते आणि पुढच्या खोलीत माझी खानावळ आहे. आष्टी-पाटोद्याकडची, क्लास लावलेली पोरं दुपारी जेवायला येतात. त्यांना भाकरी लागते.

आणि इकडं आले तेव्हा भाकरीच मला येत नव्हती. आमच्याकडं तांदळाची, तिचा हात वेगळा, हलका. ज्वारीला तो चालत नाही. मला ज्वारी शिकवली आमच्या घरमालकीणबाईंनी. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते. पाटोद्याकडं त्यांची माणसं अजून मेंढरं राखतात. अक्का मुलाच्या नोकरीपायी शहरात आल्या, पण बोलणं सगळं रानातलं. माझी पहिली भाकरी त्यांनी दोन बोटांत उचलून उजेडात धरली.

"ए कोकणीन, ही भाकर हाय का रुमाल?"

मग माझ्या शेजारी फतकल मारून बसल्या. "तिला गोंजारू नको. लेकरू न्हाई ती. बडव." माझा हात धरून त्यांनी काठवटीत असा आपटला की पीठ माझ्या कपाळापर्यंत उडालं. त्या बाईचे माझ्यावर किती उपकार आहेत ते मी त्यांना कधी बोलून दाखवलेलं नाही. "गप बस" म्हणाल्या असत्या. पण त्या नसत्या तर मी केव्हाच परतीच्या गाडीत बसले असते.

माझा स्वभाव घाबरट, हे आधीच सांगते. ड्रायव्हरची बायको म्हणून अर्धं आयुष्य वाट बघण्यात गेलं; गाडी उशिरा आली की घाट दिसायचा डोळ्यांपुढं. ते माणूस गेलं, पण सवय राहिली. गॅस बंद केलाय हे माहीत असताना मी पुन्हा उठून बघते. गेल्या उन्हाळ्यात भाकरी करताना एकदा डोळ्यांपुढं अंधारी आली आणि भिंतीला टेकून बसावं लागलं. डॉक्टर म्हणाले बीपी आहे, गोळी घ्या, चाला. लेकीनं स्वतःचा वापरलेला पट्टा पाठवला. किती चाललं ते मोजतो, ठोके दाखवतो, वेळ सांगतो. त्यानं मोजलेलं तिच्या मोबाईलमध्येही दिसतं.

पहिल्याच आठवड्यात तिचा फोन. "आई, भर दुपारी एवढी कुठं चालून आलीस? उन्हात जाऊ नकोस म्हटलं होतं ना?"

मी कुठंच गेले नव्हते. भाकरी करत होते. प्रत्येक थापेला तो पट्टा माझं एक पाऊल धरत होता.

हे अक्कांना सांगितलं तर त्यांना त्यात नवल वाटलंच नाही. "मेंढीला घुंगरू गळ्यात बांधत्यात. पायात कावून न्हाई? पाय तिचे कामात असत्यात. तुजे हात कामात असत्यात. मंग हातात कशाला बांधतीस?"

तेव्हापासून पट्टा माझ्या पायात. घोट्याच्या वर, साडीच्या काठाआड. चालले तर मोजतो, बसले तर गप्प. संध्याकाळी कंकालेश्वराच्या देवळापर्यंत जाते आणि ओट्यावर बसून पाय जवळ घेऊन आकडा बघते. एकदा एका बाईला वाटलं पायात काटा मोडलाय, पिन आणायला निघाली होती.

परवा पट्ट्याचं रबर तुटलं. फोनवर सहज बोलून गेले, आणि लेक म्हणाली, "बरंच झालं. तसंही जुनंच झालंय ते. आता चांगलं घेऊ." रविवारी आली ती नवं घड्याळ घेऊनच. चौकोनी, काळी काच, अंधारात हात हलवला तरी उजळणारं. हृदयाचा आलेख काढतं, झोप मोजतं, आणि माणूस पडलं तर आपणहून कळवतं. कुणाला? लेकीच्या मोबाईलला, आणि तिनं अक्कांचाही नंबर घातला होता. ते पायात बसेना, पट्टाच पुरेना. डाव्या मनगटावर माझा तव्याचा जुना चटका आहे, तिथं रबर टोचतं. म्हणून उजव्या हातात घातलं.

जाताना ती उंबऱ्यात थांबली. "आई, एक स्पष्ट सांगते. हे घालून राहणार असशील तर राहा इथं. नाहीतर खानावळ बंद करायची आणि पुण्याला यायचं. तुला एकटीला असं सोडून माझ्यानं झोपवत नाही."

मी हो म्हटलं. काय म्हणणार? ती माझ्यासाठीच सांगत होती. आणि पुण्याला तिच्या बारक्या बाल्कनीत तुळशीला पाणी घालत बसलेली मी मला दिसले, तेव्हा मी घड्याळाचा पट्टा आणखी एका भोकानं आवळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोली पोरांनी भरलेली, वाढप चाललेलं, आणि मी काठवटीपुढं. मनगटात थरथर झाली. बघते तर काच लाल होऊन काहीतरी विचारतेय. दोन्ही हात पिठानं माखलेले. बोट लावलं तर काचेवर नुसता पिठाचा ठिपका उमटला. तव्यावरची भाकरी करपायला आली होती. मी ती उलटली. पुन्हा बघितलं तोवर त्यानं विचारणं थांबवलं होतं.

तेवढ्यात बाहेरून अक्कांची हाक. ज्या बाई जिन्यावरून एकेक पायरी धरून उतरतात, त्या पदर खोचून पळत आल्या. "कोकणीन पडली गं माझी, उचला रे, बघता काय." चार पोरं ताट सोडून उठली. एकानं मला मागून धरलं, एकानं माझ्या डोक्यावर तांब्या रिकामा केला. तिसरा रस्त्यावर जाऊन रिक्षा घेऊन आला. मी उभी, हातात थापलेली कच्ची भाकरी, आणि केसांतून पाणी गळतंय.

"काकू, कुठं लागलं?"

"मला नाही लागलं. तव्याखालचा गॅस बारीक करा आधी."

"मंग पडलं कोण?" अक्का दम खात म्हणाल्या. "माज्या मोबाईलवर आलतं की पडली म्हून."

रिक्षावाला दारात उभा. त्याला रिकामा कसा पाठवायचा? जेवायला बसवला. पोरांत एक आगाऊ आहे, तो म्हणाला, "घड्याळाला वाटलं रे, काकू जिन्यावरून गडगडत चालल्यात." सगळे हसले. मीही हसले. पण माझा मोबाईल फळीवर वाजत होता आणि कोण असणार ते मला ठाऊक होतं. तिला सगळं समजावून सांगितलं. तरी ती रजा टाकून निघालीच.

आली ती थेट आत. माझा चेहरा चाचपला, हात चाचपले, मग खाली बसली आणि म्हणाली, "आई, आता पुरे. चल."

"कशाला? मी पडले नाही."

"ह्यावेळी नाही पडलीस."

तिची भीती खरी होती. तशीच माझ्याकडंही होती, रोज रात्री उशाशी घेऊनच झोपते मी. पण तिच्या भीतीपायी माझी चूल विझवायची, हे मला पटेना. मी घड्याळ काढलं आणि तिच्या हातात घातलं.

"उद्या दुपारच्या भाकरी तू कर. ह्याच हातानं. मग बोलू."

तिला भाकरी उत्तम येते. ह्याच काठवटीत, ह्याच अक्कांच्या हाताखाली शिकलेली. दुसऱ्या दिवशी पदराऐवजी ओढणी खोचून बसली आणि सुरुवातीला जरा जपून, मग जुना हात आठवला तशी दणादण थापायला लागली. मी वाढत होते. एकदम कोपऱ्यातली तिची पर्स कर्कश वाजायला लागली. तिनं दचकून तिकडं बघितलं. माझं नाव दाखवून तिचा मोबाईल तिला सांगत होता की तुमची आई पडली आहे. आणि आई तिच्या समोर, हातात वरणाचं पातेलं घेऊन उभी.

दारातून अक्कांचा आवाज. ह्यावेळी पळत नव्हत्या आल्या. "आता कोण पडलं?"

लेक हसायला लागली. हसता हसता पिठाच्या हातानं तोंड झाकलं, आणि मग हसणं थांबलं तरी हात तोंडावरच राहिला. मी तवा उतरवला आणि तिच्याजवळ बसले.

"भाकरी करताना काढून ठेवत जा," ती हळू म्हणाली.

"मग घालू कधी?"

"झोपताना तरी."

"मी झोपलेय का जागी, ते तू पुण्यात बसून बघणार? आणि एखाद्या रात्री माझा ठोका चुकला तर तू तिथं उठून बसणार? बाळा, माझी काळजी मला पुरते. ती तुला वाटून देणार नाही."

"मला भीती वाटते, आई."

"मलाही वाटते. कोकणातून निघाले तेव्हापासून वाटते. तरी इतकी वर्षं ह्या गावात राहिलेच ना? गोळी घेते, चालते. बरं वाटलं नाही तर अक्का वर आहेत, पोरं दुपारी असतात, काल ऐकलंस ना, नुसत्या संशयावर मला भिजवून काढलं. मी पुण्याला येणार नाही. पाहुणी म्हणून येईन, चार दिवस, तुझ्या हातचं खायला. खानावळ बंद करणार नाही. आणि हे घड्याळ तू घाल. तू दिवसभर खुर्चीत असतेस, तुला त्याचा उपयोग."

एवढं मी तिला पहिल्यांदाच बोलले असेन. छातीत धडधडत होतं. घड्याळ हातात असतं तर त्यानं तेही कुणाला तरी कळवलं असतं.

तिनं हाताचं पीठ काठवटीत झटकलं. मग म्हणाली, "आणि पट्टा तर तुटलाय."

"त्याला कशाला पायजे रबर," अक्का म्हणाल्या. वर गेल्या, आणि काळ्या लोकरीची एक वळलेली दोरी घेऊन आल्या. त्यांच्याकडं पाय दुखला की असली लोकर घोट्याला बांधतात, रानात मेंढरांमागं चालणाऱ्या सगळ्यांच्या पायात असते. पट्ट्याच्या दोन्ही टोकांच्या भोकांतून त्यांनी ती ओवली, दातानं ओढून गाठ आवळली आणि लेकीच्या हातात दिली.

"बांद तूच. तुजी आई हाय."

लेकीनं माझा पाय मांडीवर घेतला. दोरी पायाला गुंडाळली, सैल केली, पुन्हा आवळली. "टोचत नाही ना?"

"नाही."

"खरं सांग."

"थोडी टोचते. लोकर आहे, टोचणारच. राहू दे."

तिनं गाठ मारली. तव्याची धग गेली होती, चार भाकरी व्हायच्या राहिल्या होत्या आणि पोरं ताटं वाजवत होती. मी उठले.