हिरूबाईची बिनलेबलाची लोकर

सरावलीत त्या आठवड्यात एकच बातमी होती: हिरूबाईनं सात महिन्यांच्या पोटुशी सुनेची वेणी कापली आणि भर दुपारी ओट्यावर बसून जाळली. बातमीला पुरावे दोन. एक, निलमचे कमरेपर्यंतचे केस अचानक खांद्यावर आलेले. दुसरा, जळक्या केसांचा वास, जो समोरच्या दक्षाबेननं स्वतःच्या नाकानं घेतला होता. आणि दक्षाबेनचं नाक म्हणजे काय, तीन घरं पलीकडे बोंबील तळले तरी तेल कुठलं ते सांगणारं!

खरी गोष्ट फारच साधी होती, म्हणून ती कुणी ऐकायला बसलं नाही. केस निलमनंच उकाड्याला कंटाळून डहाणूच्या पार्लरात कापून घेतले होते. आणि हिरूबाई जाळत होती ती लोकर.

हिरूबाई तीस वर्षं कासाच्या दवाखान्यात आया होती, बाळंतिणींच्या वॉर्डात. दुपारी वॉर्ड शांत असताना एका सिस्टरनं तिला उलटसुलट टाके शिकवले. तेव्हापासून सुया काही सुटल्या नाहीत. निवृत्त होऊन घरी आली तेव्हा बरोबर लोकरीनं भरलेली तांदळाची गोणी. कुणी दिलेले गुंडे, कुठले उरलेले, कुठले उसवून ठेवलेले. लेबल एकावरही नाही.

नेमकं तेच सुनेला खटकलं. निलम तारापूरला कारखान्यात माल तपासायच्या कामावर. लेबल नाही तो माल ती पुढे सोडत नाही, आणि ही सवय ती घरीही घेऊन येते.

"आई, विणा ना खुशाल. पण कशाची आहे ते माहीत नसलेली लोकर बाळाला घालायची नाही. मी ऑनलाइन टोपी बघून ठेवलीय."

"अगं, बाळाला पहिलं जुनंच घालतात. आता जुन्याला लेबल कुठून आणू?"

"मग लोकर खरी आहे हे दाखवा."

हिरूबाईला ते लागलं. तीस वर्षं लोकांची बाळं तिनं गुंडाळून आईजवळ दिली, आणि स्वतःचं नातवंड मात्र पार्सलमधल्या टोपीत घरी येणार? छे!

म्हणून तर तो ओट्यावरचा यज्ञ. पाण्याची ताटली, चिमटा, माचीस, आणि जाळून पारखायला प्रत्येक गुंड्याचा बोटभर धागा. गुलाबी धागा भुर्रकन पेटला, काळा धूर सोडला आणि मागे काळा कडक मणी राहिला. अ‍ॅक्रिलिक. "तू टीव्हीवर रुमाल होऊन बस," हिरूबाईनं त्याला सांगितलं. निळ्याला कागद जळल्याचा वास आला. म्हणजे सुती. तो भांडी धरायच्या फडक्यांना. सगळी आशा होती ती पांढऱ्या गुंड्यावर. तो पेटायच्या आधीच वितळून टपकला, तेव्हा कुठे आठवलं, हा तर चिंचणीच्या रूपीचा! मासे विकायला आली असताना जाळं शिवायचं नायलॉन विसरून गेली होती.

"डोक्यावर जाळं घालायला बाळ आहे का पापलेट!" हिरूबाई स्वतःलाच म्हणाली.

गोणीच्या तळाशी राहिला एकच गुंडा, मोहरीच्या रंगाचा. काडी लावताच धागा आक्रसला, कष्टानं पेटला, चटकन विझला आणि जळक्या केसांचा वास सुटला. राख बोटांत चुरली. खरी लोकर! हिरूबाईनं टाळी वाजवली. समोर दक्षाबेननं खिडकी लावली आणि तोंड उघडलं.

वासानं नव्हे, टाळी ऐकून निलम बाहेर आली. नाकाला पदर लावून म्हणाली, "बरं, खरी आहे. पण आहे कुणाची? आली कुठून?"

हिरूबाईनं धागा उलगडून बघितला. तो सरळ पडेना, नागमोडीच. म्हणजे आधी विणलेलं काहीतरी उसवलेलं. ती उलगडत गेली तर मध्येच एक गाठ, आणि पुढे वीतभर मरून रंगाचा धागा.

हिरूबाई हसायलाच लागली. "अगं, ही माझीच गाठ! मोहरी रंग संपला म्हणून काखेत मरून जोडला होता, दिसू नये असा. तुझ्या नवऱ्याचं पहिलं स्वेटर हे. वर्षाचा असताना तलासरीला मामाकडे थंडीत नेलं होतं त्याला. उरलेलं उंदरांनी नेलं वाटतं."

"तुषारचं?" निलमनं गुंडा हातात घेतला, गालाला लावला. मग म्हणाली, "दोनदा धुवा मात्र. त्याच्या अंगाला लागलेलं आहे."

धुतलं. पांढऱ्या रुमालात दाबून बघितलं, रंग गेला नाही. चिकूवाल्याच्या काट्यावर वजन भरलं जेमतेम चाळीस ग्रॅम. स्वेटर तर नाहीच. मोजे की टोपी?

"मोजे पोरं लाथेनं उडवतात," हिरूबाईनं निकाल दिला. "टोपीच."

टोपी झाली. निलमनं वहीचा कागद फाडून पेनानं लिहिलं, 'खरी लोकर, तुषार, वय वर्ष एक', आणि टाचणीनं टोपीला लावलं. माल पास.

दुसऱ्याच दिवशी दक्षाबेन टोपी बघायला हजर. टोपी उलटी केली, सुलटी केली, लेबल वाचलं, निलमच्या केसांकडेही एकदा बघून घेतलं. मग लाडात येऊन आपल्या गुजराती ढंगात म्हणाली, "हिरूबाय, थोडी लोकर उरली असेल तर माझ्यासाठी पण काहीतरी विण ने!"

हिरूबाई म्हणाली, "उरली नाही गं. उरली असती तर सगळ्यात आधी तुझ्या तोंडाला मुसकं विणलं असतं."