भोंगा न वाजलेलं पाणी

कोयनानगरहून अंदमानला निघताना मामांनी बॅगा बांधायच्या आधी अटी घातल्या. समुद्र लांबून बघायचा, बोटीत मधोमध बसायचं आणि पाण्यात कुणी पाय घालायचा नाही. मामांची सगळी नोकरी धरणावर गेली. दरवाजे उघडण्याआधी नदीकाठच्या गावांना सावध करायला भोंगा वाजवतात, तो वाजवणाऱ्यांत ते होते. त्यामुळे पाण्याविषयी त्यांच्यापुढे कुणी शहाणपण करत नाही.

मामींनी मात्र मला अंगणात गाठलं. "बाय, मला एकदा गुडघाभर पाण्यात हुबं ऱ्हायाचंय. चाळीस वर्सं नदीकाठाला काढली, पर ह्यांनी कवा पाय भिजू दिला न्हाई." मामींनी साठी ओलांडली आहे, गुडघे कुरकुरतात. आता नाही तर कधीच नाही, हे आम्हा दोघींना कळत होतं. मी शब्द देऊन टाकला. मी दुष्काळी कवठे महांकाळची, मला पोहता येत नाही आणि मामांसमोर बोलता येत नाही, हे सोयीस्करपणे विसरले.

विमान, मग मोठी बोट, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका छोट्या बेटावर उतरलो. किनारा बघून मी खुळावलेच. पांढरी वाळू, वर वाकलेली झाडं आणि काचेसारखं हिरवं पाणी. मामांनी बोटीत धरून ठेवलेला खांब सोडला आणि पहिला शेरा मारला, "काठाला कठडा न्हाई." जेवायला माशाचं कालवण होतं. मामांनी त्यात घरची शेंगदाण्याची चटणी मुठीनं ओतली. खानावळवाला बघत राहिला, मग त्यानं स्वतःसाठी चमचाभर मागून घेतली.

दोन दिवस मामी कोरड्या वाळूत फिरल्या. लाटेच्या चार हात जवळ गेल्या की मागून हाक यायची, "अगं ए!"

तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर समुद्र पार लांब गेलेला. मामा खूश झाले. "पाणी बंद केलंय. चला, आता हिंडू." ओल्या वाळूतून आणि सपाट खडकांतून आम्ही आत आत चालत गेलो. शंख, शिंपले, वांग्यासारखा दिसणारा एक मऊ प्राणी. मामींनी एक सुरेख शंख तळहातावर घेतला, तर त्याला पाय फुटले आणि तो चालायला लागला. मामी किंचाळल्या आणि मग पोट धरून हसल्या. इथलं काही न्यायचं नाही, अशी पाटी होती. त्यामुळे मामी प्रत्येक शिंपला उचलायच्या, मला दाखवायच्या आणि परत जागेवर ठेवायच्या.

शेवटी एका उंच खडकावर बसून आम्ही भडंग काढलं. पुडा अर्धा झाला असेल, तोवर मामी म्हणाल्या, "आवं, पाणी चढतंय."

"भोंगा झालाय का?"

मला वाटलं, मामा थट्टा करताहेत. पण त्यांचा चेहरा गंभीर होता. "पाणी सोडायच्या आदी वर्दी द्यावीच लागती. नियमच हाय. बस निवांत."

आम्ही बसलो. बघता बघता खडकाच्या दोन्ही बाजूंनी पाणी फिरलं. ज्या वाळूतून आलो, ती दिसेना. किनाऱ्यावर एक कोळी आपली डुंगी (छोटी होडी) रंगवत होता. तो हात हलवून ओरडायला लागला, "जल्दी आओ! अभी घुटने तक है!" आणि मग त्यानं हात गळ्याशी नेऊन दाखवला.

मी मामांकडे बघितलं. ते खडकाला दोन्ही हातांनी धरून होते. "मी न्हाई उतरायचो," ते हळूच म्हणाले. आयुष्यभर लोकांना पाण्यापासून लांब ठेवणारा माणूस स्वतः पाण्याला एवढा भितो, हे मला माहीत नव्हतं. हसू कुठल्या कुठे पळालं. मला रडूच यायला लागलं.

मामींनी पदर कमरेला खोचला, निऱ्या वर घेतल्या आणि पाण्यात उतरल्या. पाणी त्यांच्या गुडघ्याला लागलं. "लय थंड न्हाई," त्या म्हणाल्या. "द्या हात."

मामांनी डोळे गच्च मिटले आणि हात दिला. मी मागून त्यांचा सदरा धरला. अशी आमची वरात निघाली. मध्ये पाणी मांडीपर्यंत आलं तेव्हा मामा देवांची नावं घेत होते आणि मी मागून प्रत्येक नावाला हो म्हणत होते. कोळी अर्ध्या वाटेवर आला, त्यानं मामांची बगल धरली आणि आम्ही वाळूवर पोचलो.

"दिवसातून दोन वेळा येतं हे पाणी," कोळ्यानं हिंदीत समजावलं.

"दोनदा? आन् कुणी सांगत न्हाई?"

"सबको मालूम है, साब."

"मला न्हवतं म्हाईत," मामा म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

मामी कुठे दिसेनात म्हणून वळलो. त्या परत पाण्यात गेल्या होत्या. गुडघाभर पाण्यात, आमच्याकडे पाठ करून, नुसत्या उभ्या. मामांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. आम्ही वाळूत बसून घेतलं.

कोयनानगरला पोचलो तर शेजारीपाजारी ऐकायला जमले. मामांच्या सांगण्यात पाणी आधी कमरेला होतं, मग छातीला आलं, मग गळ्याला. "म्या हिचा हात धरला आन् दोघींना भाईर काढलं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठायला लागले तशी मामींनी चहाचा पेला माझ्या हातात देऊन मला खाली बसवलं.

"सांगू दे गं," त्या कानाशी म्हणाल्या. "त्येंचं डोळं मिटल्यालं हुतं. समुद्र मीच बघितलाय."