राजाची एक उडी

गुरुवारी सकाळी मोबाईलवर अक्काचं नाव दिसलं तेव्हा मी दाढी करत होतो. आमचा फोनचा दिवस रविवार. पण फोनवरच्या आमच्या बुद्धिबळाच्या डावात चाल तिची होती, चार दिवस दम धरला असेल, आता धरवत नसेल, असं वाटून मी फेसाळलेल्या तोंडानेच म्हणालो, "हं अक्का, सांग, कुठं मारलंस मला?" पलीकडून भाऊजींचा आवाज आला. "मिलिंदा, सुमन गेली रे... चहा ठेवायला उठली अन् तिथंच बसली." पुढे ते काय म्हणाले ते आठवत नाही. परभणीहून पाथरीला तिच्या घरी जाताना जीपमध्ये माझ्या एका गालावर साबण तसाच वाळला होता, हे उतरल्यावर कुणीतरी सांगितलं. आता पाच आठवडे झाले. तिच्यामागचा पुण्यानुमोदनाचा विधीही झाला. लोक तिच्याबद्दल "फार सोसलं बाईनं" असं म्हणतात आणि मला त्याचा राग येतो. ती सोसणारी बाई नव्हती, ती खेळणारी बाई होती. तिला खेळू दिलं नाही, त्यात मी होतो.

आमचे वडील पिंगळीच्या स्टेशनवर पॉइंट्समन होते. दोन गाड्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात ते फलाटाच्या फरशीवर खडूने पट आखायचे आणि आम्हा दोघांना बसवायचे. तो सगळा देशी खेळ. प्यादं एकच घर चालणार, राजा-हत्तीचा किल्लेकोट नाही, पण राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारायची मुभा. तीही शह बसायच्या आधीच. एकदा शह लागला की उडी गेली. "शह लागलेला राजा तसाच ठेवून पटावरून उठायचं न्हाई," हा बाबांचा आणखी एक नियम. गाडीची घंटा झाली तरी ते आधी राजा सोडवायचे, मग हिरवं निशाण घेऊन पळायचे. मी नेहमी हरायचो आणि अक्का जिंकली की फरशीवरचा खडू ओढणीने पुसून टाकायची, म्हणजे मला भांडायला पुरावा राहू नये.

ती कॉलेजात असताना परभणीत स्पर्धा होती. पन्नासेक मुलांत ती एकटी मुलगी, आणि मी तिचा डबा सांभाळायला. पहिल्याच डावात ती एका हत्तीने पुढे होती. समोरच्याने तिच्या राजाभोवती फास आवळत आणला, तेव्हा अक्काने शांतपणे राजा उचलला आणि अडीच घरं पलीकडे नेऊन ठेवला. समोरचा मुलगा आधी बघतच राहिला, मग हसला, मग सगळं टेबल हसलं. पंचांनी सांगितलं, अशी चाल नसते. राजाला हात लावलाय, आता राजाच चालवा. चालायला एकच घर होतं आणि तिथे मात होती. परतीच्या गाडीतून पिंगळीला उतरताना ती म्हणाली, "मिल्या, आपल्याला खरा खेळ येतच न्हाई. मला शिकायचाय."

आणि ती शिकली. लग्न होऊन पाथरीला गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत रद्दीवाल्याकडून आणलेलं, पुठ्ठा नसलेलं बुद्धिबळाचं एक इंग्रजी पुस्तक होतं आणि शब्दकोश होता. ते पुस्तक तिने मागून पुढे वाचलं. आधी राजा आणि एक प्यादं, मग हत्तींचे शेवट, सुरुवातीच्या चाली सगळ्यात शेवटी. मी एकदा कुठलीशी सुरुवात पंधरा चालींपर्यंत घोकून गेलो, तर तिने सोळाव्या चालीला माझा वजीर खाल्ला. म्हणाली, "पाठ केलं की पोपट होतो मानूस. कुठं पोचायचंय ते आधी बघ, मग निघ." वर्तमानपत्रातली कोडी कापून ती वहीत चिकटवायची आणि आठ दिवसांनी पुन्हा सोडवायची. दुसऱ्यांदा चुकलेल्या कोड्यावर हळदीचं बोट उठवायची. थोरामोठ्यांचे डाव खेळताना छापलेल्या चालींवर पोस्टकार्ड ठेवायची, पुढची चाल आपल्या मनाने करायची आणि मगच पोस्टकार्ड एक ओळ खाली सरकवायची. चाल जुळली की एकटीच हसायची. तिच्या सासूबाईंना आधी वाटलं, सुनेला काही बाधा झाली.

नऊ वर्षांपूर्वी त्याच सासूबाई पडल्या आणि अंथरुणाला खिळल्या. भाऊजी जीपवर ड्रायव्हर, सकाळी गेले की दिवेलागणीला घरी. उचलणं, पुसणं, भरवणं सगळं अक्काकडे. ती खोली दहा बाय दहाची, एक खिडकी, तीही शेजारच्या भिंतीला लागून. एका बाजूला सासूबाईंची खाट, दुसऱ्या बाजूला स्टुलावर पट. नऊ वर्षांत अक्का दोन तासांपेक्षा जास्त वेळ त्या घराबाहेर राहिली नसेल. तेव्हापासून आमचा रविवारचा फोन सुरू झाला. दोन्ही घरी तोच डाव मांडलेला, जेवण झालं की चारपर्यंत जमतील तेवढ्या चाली. मी इतका हरायचो की तिने मला एक सवलत दिली. "बाबांची उडी तुला ठेवली. मला नको." पुढे माझ्या लक्षात आलं, ती मला मुद्दाम लवकर शह देत नाही. माझी उडी होईपर्यंत थांबते, मगच आवळते.

गेल्या हिवाळ्यात नांदेडला पन्नाशीपुढच्यांची दोन दिवसांची स्पर्धा निघाली. अक्काने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं असेल तर ते तेवढंच. "दोन दिवस तू अन् रेखा इथं येऊन ऱ्हावा. आत्याबाईंचं सगळं लिहून ठेवते. मी जाऊन येते." मी हो म्हणालो. तिने नाव नोंदवलं, घड्याळ लावून सराव करायला लागली. आणि आदल्या दिवशी मी फोन केला की रेखाच्या माहेरी साखरपुडा निघालाय, जमत नाही, पुढच्या वर्षी नक्की. साखरपुडा खरा होता. पण तो माझ्यावाचून अडला नसता आणि रेखा एकटी जायला तयार होती. खरं सांगायचं तर मला त्या खोलीची भीती वाटली. तो वास, ते कण्हणं, ती भिंतीला लागलेली खिडकी... दोन दिवस मला नको होते. तिने नऊ वर्षं काढली होती. ती फक्त म्हणाली, "चालतंय." आणि रविवारी नेहमीसारखा फोन आला. मला वाटलं, विसरली. मोठ्या मनाची आहे, असंही वाटलं. मी माफी मागितली नाही, कारण मागितली असती तर पुढच्या वर्षी जावं लागलं असतं.

शेवटच्या डावात माझा राजा माझ्याच तीन प्याद्यांमागे कोंडला होता. पुढच्या चालीला उडी मारून बाहेर पडायचं मी ठरवलं होतं. चाल तिची होती. "विचार करून सांगते, घाई न्हाई," असं म्हणून तिने फोन ठेवला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसं जेवायला अंगणात गेली तेव्हा मी त्या खोलीत गेलो. स्टुलावर पट तसाच होता. मोहरी लागली होती तशीच होती, फक्त तिचा काळा हत्ती माझ्या शेवटच्या ओळीत उतरला होता. शह. उडी गेली. आता उंट आडवा घालता येतो, तो तिच्या वजिराने मारला की मात. इतक्या वर्षांत माझी उडी शिल्लक असताना तिने दिलेला हा पहिला शह. मी बघत उभा राहिलो तेव्हा खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "पटाला हात लावू नगा म्हनले मी सगळ्यांना."

"मावशी, हा हत्ती तिनंच सरकवला का?"

"तर कोन? सोमवारीच सरकवला. लय येळ बघत बसली हुती. मग म्हनली, आत्याबाई, ह्या टायमाला न्हाई सोडलं त्याला." म्हातारीने मान भिंतीकडे वळवली. तशीच म्हणाली, "मला इचारलं बी, बरोबर केलं का म्हून. मला काय कळतंय? मी म्हनले, बरोबर केलं."

मी तिथे रडलो. अक्का गेल्यावर पहिल्यांदाच. तिने माझ्यावर रागावून शह दिला की चांगली चाल होती म्हणून दिला, हे आता कुणाला विचारू? विचारलं असतं तरी ती म्हणाली असती, चाल बघ, मानूस नको बघू.

घरी येऊन मी माझ्या पटावरही तो हत्ती तिने ठेवला त्या घरात नेऊन ठेवला. रविवारी जेवण झालं की पटासमोर बसतो. उंट आडवा घालून बघावं असं वाटतं, पण पुढची चाल सांगायला फोन येणार नाही, म्हणून हात जात नाही. शह लागलेला राजा तसाच ठेवून उठायचं नाही, म्हणून मी चार वाजेपर्यंत बसून राहतो. मग रेखा चहाला हाक मारते आणि मला उठावं लागतं.