गुरुजींनी कांडलेलं भात
भातगिरणीवरून जाताना कोंड्याचा गरम वास आला की मला कडावच्या शाळेतले चौथीचे गुरुजी आठवतात. गिरणीच्या पांढऱ्याशुभ्र तांदळातलं जीवनसत्त्व निघून जातं, मग बेरीबेरी होते नि पाय सुजतात, म्हणून घरी कांडलेलाच तांदूळ खावा, असं ते पोटतिडकीने शिकवायचे. मी इतकी घाबरले की घरी भात खायचाच बंद केला. आई म्हणाली, "गिरणी आली म्हून माजे खांदे वाचले गं!" माझ्याकडून हे कळल्यावर तिसऱ्या दिवशी गुरुजी स्वतः तिला समजवायला आले. आईने त्यांना चहा दिला आणि उखळाशी नेऊन हातात मुसळ ठेवलं. "तुमी म्हणता ते खरं हाय, गुरुजी. पायलीभर कांडून दावा, मग मी गिरणीत जानार नाय." गुरुजींनी बाह्या सरसावल्या. थोड्याच वेळात त्यांच्या तळव्यांना फोड आले, निम्मं भात अंगणात उडालं नि कोंबड्या जमल्या. दुसऱ्या दिवशी हाताला फडकं बांधून ते वर्गात म्हणाले, "सोबत डाळ नि पालेभाजी खाल्ली, तर गिरणीचा तांदूळही चालतो." पुढे मीही शिक्षिका झाले. तो धडा आला की मी मुलांना आधी विचारायचे, "तुमच्या घरी कांडतं कोण?"