आईच्या नावाचा तेरडा

नवी वनस्पती सापडली की तिला स्वतःचं नाव देत नाहीत. तसा संकेत आहे, आणि आमच्या क्षेत्रात खरोखर पाळला जाणारा हा बहुधा एकमेव संकेत. दुसऱ्याचं नाव मात्र खुशाल देता येतं. गुरूचं, बायकोचं, पैसे देणाऱ्याचं. मला माझ्या आईचं द्यायचं होतं.

चंद्रपूरच्या एका महाविद्यालयात मी तासिकांवर शिकवायचे, म्हणजे काम पूर्ण आणि मान अर्धा. तिथल्याच विभागप्रमुख सरांकडे माझी पीएच.डी. चालली होती. विषय, या भागातले रानतेरडे. अंगणातला तेरडा सगळ्यांना माहीत असतो. पावसाळ्यात उगवतो, फुलतो, पिकल्या शेंगेला बोट लागलं की ती फट्कन फुटून बिया उडवते आणि झाड मरून जातं. सगळा संसार चार महिन्यांचा. रानातला तेरडा त्याहून जरा वेगळा असतो. आणि पोंभुर्ण्याकडे आमच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उगवणारा त्याहूनही वेगळा आहे हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा मी आईबरोबर निंदायला बसले होते. तेरड्याच्या फुलामागे एक बारीक शेपटी असते. ती इथे दुप्पट लांब होती, विंचवाच्या नांगीसारखी वळलेली. शेंगेवर लव नव्हती. मी ओरडले. आईला वाटलं साप.

सरांनी फुलं भिंगाखाली पाहिली, ग्रंथ चाळले आणि सांगितलं, नवी जात आहे. आढळ किती? तर आमचा धुरा आणि पलीकडच्या नाल्याचा काठ. बाकी पार सिरोंच्यापर्यंत मी पायपीट केली, कुठेही नाही. सर म्हणाले, सापडलं तुला, नाव तू ठरव. मी धावत जाऊन आईला सांगितलं.

"काऊन वं, माह्या नावाले तणच भेटलं तुले?" आई म्हणाली. "जलमभर उपटून राह्यली मी त्याले."

पण पुढच्याच आठवड्यात ती निंदणाऱ्या बायांना बजावत होती, "त्या धुऱ्याले हात लावू नोका बाप्पा. थे माह्यं हाये." बायांनी तिची भरपूर फिरकी घेतली. एकीने फूल केसात खोचून विचारलं, "पाह्य वं, तुले डोक्शावर बसवलं, आता खुश?" आई हसली नाही. त्या धुऱ्यावरून चालताना तिची मान ताठ व्हायची. ते पाहून मला इतका आनंद व्हायचा की पीएच.डी. झाली काय, न झाली काय.

शोधनिबंधासाठी सर फोटो काढायला आले तेव्हा आईने फूल तळहातावर धरलं. फुलाचा आकार कळावा म्हणून शेजारी काहीतरी लागतंच. सर म्हणाले, "हात नको, फार मळका आहे. नाणं ठेवा." आईने हात लुगड्याला पुसला आणि पुन्हा पुढे केला. सरांनी नाणं ठेवलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण छपाईला जाणारा मसुदा मी स्वतः वाचला होता आणि त्यात आईचं नाव होतं, लॅटिन शेपूट लावलेलं.

निबंध छापून येणार हे कळलं आणि सरांच्या डोक्यात सोहळा शिरला. संस्थेच्या संस्थापकांची जयंती भाद्रपदाच्या सुमारास यायची. त्या दिवशी, त्याच धुऱ्यावर, नव्या जातीचं लोकार्पण. मी म्हटलं, सर, शेंगा अजून कोवळ्या आहेत, बिया पडेपर्यंत थांबू.

"जयंती थांबते का?" सर म्हणाले.

मग बसेस आल्या, माईक आला, फ्लेक्स आला. आई विहारात जाताना नेसायचं पांढरं पातळ नेसून सगळ्यांच्या पुढे उभी. प्राचार्यांनी फलकावरचं कापड ओढलं. फलकावर फूल, फुलाशेजारी नाणं, वर संस्थापकांचा फोटो आणि खाली फुलाचं नाव. संस्थापकांचं नाव, लॅटिन शेपूट लावून. सरांनी निबंधातही शेवटच्या क्षणी बदललं होतं. इंग्रजी आईला वाचता येत नाही. ती टाळ्या वाजवत होती. माईकवरून संस्थापकांचा जयजयकार झाला तेव्हाही तिला वाटलं, आधी मोठ्यांचं घेतात, मग आपलं.

मी सरांना बाजूला घेतलं. आईचं नाव कुठे गेलं, मी विचारलं. सर हसले. "अगं, तुझी आई काय कुठे पळून चालली आहे का? पुढच्या जातीला देऊ."

आणि माईककडे जाऊन त्यांनी जाहीर केलं की ज्याच्या प्रात्यक्षिकाच्या फायलीत हा नमुना असेल त्याला पैकीच्या पैकी. मुलं धुऱ्यावर तुटून पडली, मग नाल्याच्या काठावर. एका हंगामापुरतं जगणारं वर्षायू झाड मुळासकट घ्यायचं, हे त्यांना विभागात पहिल्याच वर्षी शिकवतात. चांगलं शिकवतात. धुरा बोडका झाला.

आईने माझी बाही ओढली. "माह्यं नाव कवा घेतेत?"

मी सांगितलं.

"मंग मले काऊन बलावलं?" ती म्हणाली.

पुढच्या पावसाळ्यात धुऱ्यावर काही उगवलं नाही, नाल्यावरही नाही. बीच पडलं नव्हतं तर उगवणार काय? मी रडकुंडीला आले, कारण प्रबंधासाठी जिवंत झाडांवरचं काम अजून राहिलं होतं. आईने काही दिवस माझी घालमेल पाहिली आणि एका सकाळी मला घरामागे न्हाणीपाशी नेलं. तिथे पाणी जायच्या जागी तेरड्याची काही रोपं उभी होती. त्या सोहळ्याच्या आधीच तिने दोन रोपं मातीसकट आणून लावली होती, त्यांचं हे बी. "कोनाले सांगजो नोको," एवढंच म्हणाली. जगात तो तेरडा आता फक्त आमच्या न्हाणीच्या पाण्यावर जगत होता. मी कुणालाही सांगितलं नाही.

त्याच श्रावणात परदेशातल्या कुणा अभ्यासकाने तेरड्यांची फेरतपासणी छापली. त्यात म्हटलं होतं की सरांची जात वेगळी नाहीच, एका इंग्रज साहेबाने फार पूर्वी वर्णन केलेल्या जातीचा तो नुसता प्रकार आहे. अशा वेळी जुनं नाव राहतं, नवं गळतं. संस्थापक गळले. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या, खोटं कशाला बोलू. सरांचं मात्र संस्थेत तोंड दाखवायचं अवघड झालं. खोडून काढायचं तर जिवंत झाडं हवीत, म्हणून कुठे बी उरलंय का ते विचारायला ते थेट आमच्या घरी आले, सरळ मागच्या अंगणात शिरले, आणि त्यांनी रोपं पाहिली.

"बाई, तुम्ही तर खजिना सांभाळलात!" त्यांनी चक्क हात जोडले. "निबंधात तुमचे आभार छापू."

आईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिने मला विचारलं, "हे जगलं तं नाव कोनाचं राहीन?"

"संस्थापकांचं," मी म्हटलं.

"आन् माह्यं?"

"नाही आई. तुझं आता कधीच नाही." नियमच तसा आहे. एकदा छापलं की छापलं.

तिने पदर खोचला, वाकली आणि निंदताना उपटते तसं बुडाशी धरून एका हिसक्यात एकेक रोप उपटायला लागली. मी ओरडले, शेंगा तरी भरू दे, माझा प्रबंध आहे, आणि तिचा हात धरला. तिने असा हिसडा दिला की मी न्हाणीत जाऊन आपटले. सर किंचाळत होते, "अहो बाई, जगात हे कुठेच नाही!"

"म्हाईत हाये मले," आई म्हणाली. मुळांची माती झटकून तिने सगळी रोपं शेळीपुढे टाकली. शेळीने हुंगली, खाल्ली नाहीत, नुसती तुडवली. सर तिच्या पायाखालून तुकडे वेचत होते. कोवळ्या शेंगांत बीच धरलं नव्हतं. ते चिखल भरलेल्या बुटांनी गाडीकडे गेले.

"माह्यं तं पाहाचं होतं," मी रडत म्हटलं.

"नाव द्याच्या आंधी मले कोनी इचारलं नाई. तूबी नाई," आई म्हणाली. "काढून घेतलं तवाबी नाई. हे एक मी माह्या मनानं केलं."

मी अजून न्हाणीतच बसले होते. ती जवळ आली आणि म्हणाली, "सरक तिकडं. हात धुऊ दे मले."