धवलारणीची भाची

"आधी एखादा धवला गाऊन दाखवा ना," समितीतले पाहुणे प्राध्यापक म्हणाले. "जरा मूड येईल."

सगळे हसले. माझे मार्गदर्शक सरही.

अलिबागच्या कॉलेजात माझ्या पीएचडीची प्रगती तपासायला समिती बसली होती. विषय तत्त्वज्ञानाचा. लग्न लावायचा अधिकार कुणाचा, आणि कुणाच्या लग्नाला लग्न म्हणायचं? आम्हा आगऱ्यांत लग्न लावते धवलारीण. बाई. तिने धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गायल्याशिवाय लग्न लागत नाही. माझी आत्या धवलारीण आहे. तिच्या अधिकारावर माझं दुसरं प्रकरण. तिसरं, दोन बायकांनी एकमेकींशी केलेल्या लग्नावर.

"गाणार नाही, सर. प्रश्न विचारा."

हसू थांबलं. मार्गदर्शक म्हणाले, "दुसरं प्रकरण गोड आहे हो. लोकसाहित्यात खपेल. तिसरं काढा. तुमच्यासारख्यांनी असले विषय घ्यायचे नसतात. भल्याचं सांगतोय."

तुमच्यासारख्यांनी. सरांच्या पोफळीच्या वाडीत माझ्या आईने पाणी शिंपलंय. सरांना ते माहीत आहे.

त्यांची सही नाही तर पदवी नाही. पदवी नाही तर कायम नोकरी नाही. मी तासिका तत्त्वावर शिकवते. दर जूनला तास पुन्हा मागावे लागतात, सरांकडेच. शिकवते काय? स्त्रीवाद.

रविवारी आत्याकडे गेले. माझी जोडीदार सोबत होती. आम्ही रेवदंड्याला एकत्र राहतो.

"आत्ये, आमचं लग्न लावशील?"

भाकरी थापणारा हात थांबला.

"आगो बाय! तुमचा धवला गायली त मना परत मांडवान कोन बोलवल?" मग खाली बघत म्हणाली, "जेवून जा दोघी."

जेवलो.

कॉलेजला आमचं गाणं हवं, माझा विचार नको. मांडवाला मी नवरी म्हणून हवी, हिच्या शेजारी नको. मी जायचं कुठे?

तिसरं प्रकरण मी काढलं नाही. आत्याचा नकारही त्यात घातला. तिचा अधिकार गावाने किती आखडून ठेवलाय, ते त्या नकारात दिसतं. काल सरांच्या टेबलावर ठेवून आले.

"जूनचं बघा हं," सर म्हणाले.

"बघितलंय."

तास जातील. सही अडेल. मला ठाऊक आहे. तरी पुढच्या बैठकीला मी जाणार, आणि हिला शेजारच्या खुर्चीवर बसवणार. ही कोण, असं समितीने विचारलं तर सांगेन.

माझी बायको. आता प्रश्न विचारा.